रफ वहीतलं पाणी

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. पहिल्यांदा 'तो' म्हणून लिहून पाहिलं. म्हणजे मी नाही, कुणीतरी सौरभ नावाचा मुलगा, एम.एस्सी. केमिस्ट्री, दुसरं वर्ष. तर तो सौरभ फारच चांगला मुलगा निघाला. चुकला, पस्तावला, सुधारला, दीड पानात मोकळा. वाचून मलाच लाज वाटली. म्हणून आता 'मी'. जसं आठवेल तसं लिहितो.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातली लॅब तुम्ही पाहिली असती तर त्यात नवीन काही आहे असं तुम्हाला वाटलं नसतं. तेच डागाळलेले ओटे, तेच गळके नळ, तोच अमोनियाचा वास, जो डब्यातल्या पोळीलाही लागतो. नवीन एकच. प्रत्येकाच्या ओट्यावर पाटीएवढं एक जर्नल. कागदाचं नाही, जाणतं जर्नल. प्रयोगाच्या आधी त्यात नमुन्याचा नंबर टाकायचा, की ते सांगतं, अपेक्षित उत्तर इतकं. मग आपण प्रयोग करायचा आणि आपलं उत्तर भरायचं. जवळपास आलं की कोपऱ्यात हिरवं. लांब गेलं की लाल, आणि खाली बारीक अक्षरात 'हातचूक'. अशा तीन हातचुका झाल्या की जर्नल सर्टिफाय होत नाही. आणि जर्नल सर्टिफाय नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, हे तर तुमच्या वेळेसही होतंच. फरक एवढाच, की तेव्हा मॅडम सही करायच्या, आता जर्नल स्वतःच करतं.

आम्ही त्याला सासू म्हणायचो. 'सासू खूश झाली का?' ही लॅबमधली रोजची चौकशी.

सासूला खूश ठेवायची पद्धत मला ओंकार निखाडेनं पहिल्याच आठवड्यात शिकवली. ओंकार माझ्या शेजारच्या ओट्यावर असायचा. आवाज मोठा, अक्षर त्याहून मोठं.

"रफ वहीत पेन्सिलनं जे दिसलं ते लिहायचं," तो म्हणाला. "मग सासू काय म्हणते ते पाह्यचं. मग फेअरमध्ये तिच्या आसपास टाकायचं. पण अगदी तेच नको टाकू बे, संशय येते. एखादा पॉइंट वर, एखादा पॉइंट खाली."

"आणि खरं उत्तर?"

"खरं तेच ना मग. सासूचं. आपलं तर चुकलेलं असते."

हे मला पटलं. का पटलं ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं बेइमानीचं वाटेल.

मी बी.एस्सी. बाहेरून केली. दिवसभर मामाच्या बॅटरीच्या दुकानात असायचो, केमिस्ट्री शिकलो ती पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून, आणि थोडी बॅटरीच्या ॲसिडमधून. पँटीला भोकं पडली की ॲसिडचं गणित नीट समजतं. दुकानात आमची एक पद्धत होती. मी ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर बुडवायचो, आकडा दिसला की ओरडायचो, "बाराशे पन्नास!" आणि मामा गल्ल्यावर बसून वहीत लिहायचे. पाहणारा एक, लिहिणारा दुसरा. गिऱ्हाईकही ऐकायचं. त्यात गडबड करायला जागाच नव्हती, आणि गडबड करावी असं कधी मनातही आलं नाही.

पण एम.एस्सी.ला आलो तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी तीन-तीन वर्षं ब्युरेट हातात धरलेली. मी ती पहिल्यांदा धरत होतो. नॉब कुठल्या हातानं फिरवायचा हेही मी इकडेतिकडे पाहून शिकलो. त्यामुळे माझं उत्तर सासूपासून लांब गेलं, की मला वाटायचं, आपलाच हात कच्चा आहे. शिकून येईल हळूहळू. तोपर्यंत तिचं लिहावं.

दोन वर्षं मी असंच लिहिलं.

आता जलपटाबद्दल सांगतो, मग यामिनीचं.

जलपट म्हणजे जिल्ह्याच्या जमिनीखालच्या पाण्याचा नकाशा. पण एकदाच छापून ठेवलेला नकाशा नाही, रोज स्वतःला दुरुस्त करणारा. खडक कुठला, बोरिंग किती खोल, पाऊस किती, आधीचे आकडे काय, यावरून तो प्रत्येक गावच्या पाण्यात काय असेल याचा अंदाज बांधतो. ज्या गावचं पाणी चांगलं ते हिरवं, वाईट ते लाल. पूर्वी माणसं बाटल्या घेऊन गावोगाव फिरायची, ते आता फक्त लाल गावांपुरतं उरलं. हिरव्या गावांसाठी आम्ही. जिल्ह्यातल्या एम.एस्सी.च्या मुलांनी प्रोजेक्ट म्हणून पाणी तपासायचं, जर्नलमध्ये भरायचं, आणि ते आकडे जलपटाला जायचे. अंदाज चुकत असेल तर त्याला कळावं म्हणून. कल्पना चांगलीच होती. एका नमुन्याला तीन विद्यार्थी, आपसात न बोलता. तीन हात. दोघांचं जुळलं की ते धरायचं, तिसऱ्याचं सोडून द्यायचं.

या वर्षी आमच्या तुकडीतले तीन हात म्हणजे मी, ओंकार आणि यामिनी कुमरे.

यामिनी कातळगुड्याची. डोंगरावरचं तीस-पस्तीस घरांचं गाव. वर्गात सगळ्यात कमी बोलणारी आणि बोलली की बोचणारी. माझं आडनाव पिंपळशेंडे, त्याचं तिनं पिंप्या केलं, आणि मॅडमसुद्धा एकदा हजेरी घेताना पिंप्या म्हणून गेल्या. प्रोजेक्टसाठी तिनं स्वतःचंच गाव मागून घेतलं. का, ते तिनं तिथं गेल्यावर दाखवलं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. यामिनीच्या वहिनीनं काळा चहा दिला. दारात वहिनीची लेक कोयल उभी होती, साडेआठ वर्षांची, तोंडावर हात ठेवून. हसली तरी हात तसाच.

"काहून गं, दात पडले का?" ओंकारनं विचारलं. "मले दाखव, मी माहे दाखवतो. माहे तर एकावर एक चढले, पाह्य."

त्यानं खरंच ओठ वर करून दाखवले. कोयल एवढी हसली की हात बाजूला झाला.

दातांवर आडवे तपकिरी पट्टे होते. डाग पुसता येतात तसे नाहीत. आतून आलेले.

"शाळेत खर्रावाली म्हणतात तिले, तंबाखूचा खर्रा खाते म्हणून चिडवतात," वहिनी म्हणाली. "डॉक्टर म्हणे ब्रश नीट करत जा. दोनदा करते लेकरू. हिरड्यांतून रक्त येईतो करते."

यामिनीचे स्वतःचे दात पांढरेशुभ्र आहेत. ती जुन्या विहिरीवर वाढली. विहीर आटली तेव्हा सहा वर्षांपूर्वी नवं बोरिंग मारलं, चारशे फूट, कातळ फोडून. पाणी थंडगार, गोड. मी ओंजळीनं प्यालो. फ्लोराइडला चव नसते, वास नसतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी दात, मग गुडघे, मग पाठ.

"जलपट काय म्हणते इथं?" मी विचारलं.

"हिरवं. एक पॉइंट एक." यामिनी प्लास्टिकच्या कॅनला बूच लावत होती. फ्लोराइडचा नमुना काचेत ठेवत नाहीत, ते काचेशी भिडतं. "नदीच्या पाण्याची पाइपलाइन येऊन राहिली ना डोंगरावर, तिची यादी या एकतीस तारखेला बंद होते. आधी लाल गावं. हिरव्यांना पुढच्या टप्प्यात. आणि पुढचा टप्पा कधी ते कुणालेच माहीत नाही."

"दात दाखव ना मग यादीवाल्यांना."

"दाखवले. म्हणे दात हा आकडा नाही."

तर हे पणाला लागलं होतं. एक गाव, आणि एक आकडा, जो आम्ही तिघांनी काढायचा होता.

फ्लोराइड मोजायचं मीटर आमच्याकडे होतं, पण त्याचा इलेक्ट्रोड जलपट आला त्याच वर्षी वाळला आणि नवा कुणी मागवला नाही. अंदाज असताना मीटर कशाला. म्हणून आम्ही जुनी रंगाची पद्धत वापरायचो. ती मला आवडते. अलिझरीन म्हणून एक रंग असतो, तो झिर्कोनियमचा हात धरून बसला की लाल दिसतो. पाण्यात फ्लोराइड असलं की ते झिर्कोनियमला ओढून नेतं. रंग एकटा पडला की पिवळा होतो. जितकं फ्लोराइड जास्त तितकं पिवळं. बाजूला माहीत असलेल्या पाण्याच्या नळ्या ओळीनं लावायच्या, शून्यापासून अडीचपर्यंत. लालपासून पिवळ्यापर्यंत, पिकत चाललेल्या आंब्यांसारख्या. खाली पांढरा कागद, आणि वरून डोळा लावून बघायचं, आपली नळी कुणासारखी दिसते. पण त्याआधी एक तास थांबायचं. रंग बसायला तेवढा वेळ लागतोच.

मी एक तास थांबलो. वरून पाहिलं. माझी नळी शेवटच्या नळीपेक्षाही पिवळी होती.

मग नमुना निम्मा केला, म्हणजे निम्मं बोरिंगचं, निम्मं डिस्टिल्ड पाणी, आणि पुन्हा एक तास. या वेळेस दीड आणि पावणेदोनच्या मध्ये आली. एक पॉइंट सहा. दुप्पट केलं की तीन पॉइंट दोन. रफ वहीत पेन्सिलनं लिहिलं, ३.२.

जर्नलवर मोठ्या अक्षरात होतं, अपेक्षित १.१.

मला कोयल आठवली नाही असं नाही. आठवली. पण त्याच वेळेस हेही वाटलं, की निम्मं करताना पिपेट नीट धरली का मी? मागच्या वेळेस पण चुकलो होतो. आणि यामिनी आहे ना. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला. खरंच जास्त असेल तर तिचं जास्त येईल, ओंकारचं येईल. दोघांचं जुळलं की माझं सोडून देतील. एवढा विचार करायला मला दहा सेकंद लागले असतील. फेअरमध्ये टाकलं, १.२. कोपऱ्यात हिरवं.

ओंकारचं आलं १.०. हिरवं.

यामिनीचं आलं ३.१. लाल. हातचूक.

दोघांचं जुळलं. एकीचं सोडून दिलं.

पुढचे पंधरा दिवस यामिनी लॅबमध्येच होती. पुन्हा कॅन आणला. पुन्हा नळ्या. बाकीचे सगळे डबा खायला जायचे तेव्हा ही घड्याळ लावून स्टुलावर बसलेली. दर वेळेस तिचं तीनच्या आसपास यायचं आणि सासू दर वेळेस लाल व्हायची. सरावाच्या मोजण्या म्हणून त्या हातचुका धरल्या जात नव्हत्या, पण लाल ते लालच.

"सोड ना," ओंकार तिला म्हणाला. "एक पॉइंट तीन लिही अन् मोकळी हो. प्रोजेक्टच फेल करशीन."

"डोळ्यांनी तीन दिसून राहिलं तर एक कसं लिहू?"

"आम्हाले तर एकच दिसलं," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नळाखाली नळ्या धुवत होतो. धुऊन झालेल्या पुन्हा धुतल्या.

आमच्या गाईड देवतळे मॅडम. त्या रागवत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे. त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "हे बघ यामिनी, आपलं गाव असलं की डोळा तिकडे झुकतो. माणूस आहोत. दोघांचे आकडे जुळताहेत, जलपटाची खात्री नव्याण्णव टक्के आहे. एकदा डोळे तपासून घे ना. काही जणांना लाल आणि पिवळ्याच्या मधलं नीट कळत नाही, त्यात काही कमीपणा नाही."

आणि ती खरंच गेली. नागपूरला, डोळे तपासायला.

त्या दिवशी तिचा ओटा रिकामा होता आणि माझ्याकडे काम नव्हतं, म्हणून मी सीनियरांची वही काढली. ही पण एक पद्धत आहे आमच्याकडे. पास झालेला सीनियर आपल्या वह्या ज्युनियरला देऊन जातो. मला अश्विनदादाच्या मिळाल्या होत्या. जर्नल आता कागदाचं नसतं, त्यामुळे द्यायला रफ वह्याच उरल्यात, आणि त्या कोण वाचतो? मी त्यांच्यावर डबा ठेवायचो.

चाळता चाळता पान लागलं, 'कातळगुडा बोरिंग'. दोन वर्षांपूर्वीची तारीख. पेन्सिलनं ३.०. त्यावर काट. शेजारी पेनानं १.१. आणि खाली, स्वतःसाठीच लिहिलेलं असावं, 'हात कच्चा. पुन्हा शिकणे.'

मी ते पान किती वेळ पाहत बसलो सांगता येत नाही. अश्विनदादा आमच्या कॉलेजातला सगळ्यात पक्का हात होता. पहिला आलेला. त्याला पण वाटलं, आपला हात कच्चा.

मग मी ओंकारच्या ओट्यापाशी गेलो. तो मोबाइल पाहत होता.

"तुझी रफ वही दे."

"कायले?"

"दे ना."

"घरी आहे."

"ओंक्या, वही तुझ्या कोपराखाली आहे."

त्यानं कोपर काढलं नाही. पण त्याचा चेहरा उतरला, आणि मोठ्या आवाजाचा माणूस एकदम हळू बोलायला लागला. "दोन पॉइंट नऊ आलं होतं बे. मले वाटलं, मीच गधा."

"मला तीन पॉइंट दोन."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. हसू पण आलं, म्हणजे तसं तोंड झालं दोघांचं.

मग मला एक एक करून कळत गेलं. बोरिंग नवं मारलं, खोल गेलं. जलपटाला जुनी खोली माहीत होती, म्हणून त्यानं एक पॉइंट एकचा अंदाज केला. तो चुकला असता तर आमच्यासारख्यांच्या आकड्यांवरून त्याला कळायचं होतं. पण त्यानं आधी अंदाज दाखवला, आणि मुलांनी अंदाजच परत पाठवला. जलपटाला वाटलं, वा, आपलं बरोबर निघालं. पुढच्या वर्षी त्याची खात्री आणखी वाढली. मग पुढच्या मुलांना स्वतःचा हात आणखी कच्चा वाटला. असं दर वर्षी. यात खोटं बोलावं म्हणून कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येक जण आपली चूक सुधारत होता.

यामिनी दुसऱ्या दिवशी आली. लॅबच्या मागच्या पायऱ्यांवर आम्ही डबा खातो, तिथं बसली. चांगल्या मूडमध्ये होती, किंवा तसं दाखवत होती.

"डॉक्टर म्हणे डोळे एक नंबर. त्या रंगीत ठिपक्यांतले आकडे असतात ना, सगळे वाचले. म्हणे मुलींमध्ये हा त्रास तसाही फार कमी, तुला पाठवलं कुणी?" तिनं भाजीचं झाकण काढलं. "आता हाताचा डॉक्टर शोधायचा. असते का रे कुठं हाताचा डॉक्टर?"

मी म्हणालो, "यामिनी, मी तीन पॉइंट दोन पाहिलं होतं."

तिनं घास तसाच ठेवला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी. रफमध्ये आहे. फेअरमध्ये एक पॉइंट दोन टाकलं. ओंकारला पण दोन पॉइंट नऊ आलं होतं. अश्विनदादाच्या रफ वहीत पण तीनच आहे."

तिनं डब्याला झाकण लावलं. नीट, चारही बाजूंनी दाबून. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी बारा वेळा केलं ते," ती म्हणाली. "बारा वेळा, सौरभ." पिंप्या नाही म्हणाली. "तू तिथंच होता. नळ्या धुवत होता. मी परवा घरी फोन केला. वहिनीले सांगितलं, पाणी चांगलं आहे, मीच चुकली होती. ती म्हणे, बरं झालं बाई, मी कोयलले पोटभर पाणी पाजून राहिली, त्यानं दात धुऊन निघतात म्हणे." तिनं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "काहून लिहिलं तू तसं?"

"मला वाटलं माझा हात चुकतो."

"मलाही आता तसंच वाटायला लागलं होतं," ती म्हणाली. मग उठली. "वही आण. तुझी, ओंकारची, त्या अश्विनदादाची. मॅडमकडे चल."

देवतळे मॅडमनी तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचल्या.

"आम्ही पण करायचो," त्या म्हणाल्या. "टायट्रेशनचं उत्तर सीनियरांकडून माहीत असायचं. त्यावरून उलटं गणित करायचं आणि ब्युरेटचं रीडिंग लिहायचं. दहा, दहा, दहा. सर सही करायचे. ते जर्नल पुढं रद्दीत जायचं गं. कुणी प्यायचं नाही ते." त्या यामिनीकडे वळल्या. "यामिनी, डोळे तपासायला मी पाठवलं तुला. माफ कर."

"मॅडम, यादी एकतीसला बंद होते. आज सत्तावीस."

"जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवू का नमुना?" ओंकारनं विचारलं.

"ते फक्त लाल गावांचं घेतात. मी पत्र लिहिते, आजच लिहिते, पण चार दिवसांत पत्र कुठवर जाईल मला माहीत आहे." त्यांनी जर्नल माझ्याकडे सरकवलं. "एक रस्ता आहे. नोंद मागे घेता येते. तू एक पॉइंट दोन मागे घेऊन तीन पॉइंट दोन टाकलंस, तर तुझं आणि यामिनीचं जुळेल. गाव आपोआप लाल होईल, जलपटाचाच नियम आहे तो. ओंकारच्या नावावर फक्त एक हातचूक लागेल. पण सौरभ, मागे घेताना कारण लिहावं लागतं. आणि कारण हातचूक असं लिहिता येणार नाही. खोटी नोंद असं लिहावं लागेल. मग नवा आकडा राहतो, पण तुझं आख्खं जर्नल रद्द होतं. दोन्ही वर्षांचं सर्टिफिकेट जातं. पुन्हा सगळे प्रयोग, पुन्हा वर्ष." त्या माझ्याकडे नाही, वह्यांकडे बघत होत्या. "मी तुला कर म्हणणार नाही. नको कर असंही नाही म्हणणार."

मी बाहेर येऊन मामाला फोन केला. त्यांना फ्लोराइड कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगितलं. की पाहिलं एक, लिहिलं दुसरं, आणि एका गावानं ते पाणी प्यालं. आता खरं लिहिलं तर वर्ष जातं.

 मामांच्या मागून ग्राइंडरचा आवाज येत होता.

"तिथं लिहायले दुसरा माणूस नव्हता का?" एवढंच विचारलं त्यांनी.

"नव्हता."

"हं. मग या वर्षी पण दुकानात ये सुट्टीत. बाकी काय."

मी आत गेलो आणि नोंद मागे घेतली. कारणाच्या चौकोनात आधी बरंच लिहिलं होतं, मग सगळं पुसून 'दिसलं ३.२, लिहिलं १.२' एवढं ठेवलं. बटण दाबलं. माझ्या नावापुढची सगळी हिरवी एका मागून एक विझत गेली. दोन वर्षांची, ओळीनं. ते बघवलं नाही म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं. यामिनीनं माझ्या बाहीला धरून ओढलं.

"पाह्य ना."

जर्नलवर उघडलेल्या नकाशावर डोंगराच्या कडेला एक ठिपका लाल झाला होता. कातळगुडा. यादीत नाव चढलेलं, चौदाव्या नंबरावर. तिनं तिथंच फोन लावला, "वहिनी, ते पाणी कोयलले नको देऊ. हाव, मीच म्हटलं होतं. आता मीच म्हणून राहिली, नको देऊ. पाइपलाइन येईतो खालच्या नाल्यावरून आणा, उकळून."

ती बोलत होती तेव्हा जर्नलवर एक नवी चौकट उघडली. मला वाटलं आणखी काही रद्द झालं. पण प्रश्न होता. जलपटाला आपला अंदाज चुकलेला पहिल्यांदाच कळला होता, आणि तो मागं जाऊन मोजत होता, की हाच खडक, हीच खोली, हेच हिरवे आकडे आणखी कुठे कुठे आहेत.

'अशी २१२ गावे आहेत. पुन्हा तपासायची का?'

खाली हो आणि नाही. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी हो दाबलं. त्यानं थोडा वेळ घेतला आणि लिहिलं,

'नव्या नोंदी आवश्यक. प्रत्येक गावासाठी हात: तीन. सध्या भरवशाचे हात: दोन.'

दोन म्हणजे यामिनी आणि मी. नळ गळत होता. ओंकारनं त्याचं जर्नल पुढं ओढलं, मग पालथं घातलं, मग पुन्हा सुलटं केलं. नोंद मागे घ्यायचं बटण दाबलं नाही त्यानं. पण उठून गेला पण नाही. मी त्याला काय म्हणणार? मला स्वतःला पंधरा दिवस लागले होते.

"दोनशे बारा," यामिनी म्हणाली. "त्यातली खरोखर हिरवी किती असतीन रे?"

याचं उत्तर मला आजही माहीत नाही. कदाचित बरीच असतील. कदाचित प्रत्येक गावात एखादं लेकरू तोंडावर हात ठेवून हसत असेल.

"मी मे महिन्यात पास होऊन जाईन," ती पुढे म्हणाली. "तू इथंच राहशीन अजून एक वर्ष. मी नसताना सासू एक पॉइंट एक म्हणून दाखवीन मोठ्या अक्षरात, अन् तू..." पुढचं ती बोलली नाही. बोचेल असं काही बोलायची संधी होती आणि तिनं सोडून दिली, म्हणून मला जास्त बोचलं.

तेव्हा मी तिला जे म्हणालो ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे मला नंतर दुसरं काही आठवणार नाही.

"ऐक यामिनी. मी स्क्रीनवर रुमाल टाकीन. एक तास थांबीन. वरून पाहीन, आणि लिहायच्या आधी तुला फोन लावून आकडा मोठ्यानं सांगीन, मामाच्या दुकानात सांगायचो तसा. तू लिहून घे. तू लिहिलं म्हणालीस की मगच रुमाल काढीन. दर वेळेस. दोनशे बारा वेळेस."